पाण्यातल्या विषाची चाहूल

(आकाशवाणीवरील विज्ञानविषयक भाषणाचे संपादित शब्दांकन)

पाणी चांगले की वाईट हे ओळखण्याची आपली रीत फार जुनी आहे. आपण ते डोळ्यांनी पाहतो, नाकाने हुंगतो आणि जिभेवर ठेवतो. गढूळ असेल तर तुरटी फिरवतो, वास आला तर ओतून देतो, मचूळ लागले तर दुसरी विहीर पाहतो. डोळे, नाक आणि जीभ या तीन परीक्षकांनी माणसाला हजारो वर्षे सांभाळले. पण गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पाण्यात अशा काही वस्तू मिसळू लागल्या आहेत, की त्यांच्यापुढे हे तिघेही हात टेकतात. शेतात फवारलेली कीटकनाशके ही त्यांतली एक. पावसाच्या लोंढ्याबरोबर ती बांधावरून ओढ्यात, ओढ्यातून तलावात जाऊ शकतात, जमिनीत मुरून विहिरीतही उतरू शकतात. पाणी नितळ दिसते, चवीला गोड लागते आणि आपण ते निर्धास्तपणे पितो.

हे विष किती प्रमाणात असले म्हणजे धोक्याचे? भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम दिली आहे. मिथाइल पॅराथिऑनची मर्यादा ०.३ मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बाटलीबंद पाण्याचा नियम आणखी कडक आहे. तिथे कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आता उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. या हिशेबाने त्या अख्ख्या टँकरमध्ये मिळून एक मिलिग्रॅम कीटकनाशक चालेल, म्हणजे साखरेच्या एका लहानशा दाण्याएवढे. त्याच्या वर गेले की ते पाणी नापास.

हा बाटलीबंद पाण्याचा नियम कसा आला, तेही आठवण्यासारखे आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये शीतपेयांबद्दलही तसाच अहवाल आला. संसदेत गदारोळ झाला, श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिचा अहवाल आला. दरम्यान बाटलीबंद पाण्याचे मानक बदलले. पण या सगळ्या वादात एक गोष्ट मागे पडली. ज्या गिऱ्हाइकाने ती बाटली विकत घेतली होती, त्याला स्वतःला काहीच तपासता येत नव्हते. प्रयोगशाळेने सांगितले तर कळणार, नाही सांगितले तर नाही.

आणि प्रयोगशाळेचे काम सोपे नसते. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा, थंड ठेवून वेळेत पोचवायचा, द्रावक वापरून त्यातले कीटकनाशक वेगळे करायचे, ते आटवून गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात घालायचे. मग कुठे आलेखावर एकेका रसायनाचे शिखर दिसते. उत्तर अचूक मिळते, कोणते कीटकनाशक आणि नेमके किती हे कळते. पण यंत्र फार महाग, चालवणारा माणूस तयार झालेला हवा, आणि उत्तर यायला दिवस लागतात. तोवर त्या विहिरीवरचे पाणी भरणे काही थांबलेले नसते.

इथे एक साधा प्रश्न पडतो. जे विष आपल्या नाकाला आणि जिभेला कळत नाही, ते शरीराला मात्र कळते. म्हणूनच ते शरीराला बाधते. मग शरीरातल्या ज्या भागाला ते कळते, तोच भाग बाहेर काढून परीक्षक म्हणून नेमला तर? आज मला ज्या साधनाविषयी सांगायचे आहे, ते याच विचारातून आले आहे. त्याला जैवसंवेदक किंवा बायोसेन्सर म्हणतात.

विष नेमके कुठे बसते?

मेंदूने हाताला 'हल' असा हुकूम केला की तो मज्जातंतूमधून स्नायूपर्यंत येतो. मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिशय बारीक फट असते. ती ओलांडून निरोप पोचवण्याचे काम असेटिलकोलिन नावाचे रसायन करते. निरोप पोचला की या निरोप्याला तिथून लगेच हटवावे लागते, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. हटवण्याचे काम एका विकराकडे असते. विकर म्हणजे एन्झाइम. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. या विकराचे नाव असेटिलकोलिनइस्टरेज. नाव लांबलचक आहे, पण काम एकच : असेटिलकोलिनचे दोन तुकडे करणे. आणि ते इतके चपळ आहे की त्याचा एक रेणू एका सेकंदात असेटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली कीटकनाशके नेमकी या विकराच्या कामाच्या जागी जाऊन बसतात. विकर अडकून पडते, निरोपे साचत जातात. किडा तडफडून मरतो. माणसाच्या अंगात हे विष गेले तर लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडखळतो. किड्याचे आणि आपले विकर एकाच घराण्यातले असल्यामुळे हा भेद विषाला करता येत नाही. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ नवी कीटकनाशके शोधत असताना त्याच्या हाती टाबून लागले, आणि ते युद्धात वापरायचे विषारी रसायन ठरले. शेतातले औषध आणि रणांगणावरचे विष ही अशी एकाच कुळातली भावंडे आहेत.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसपेक्षा जास्त माणसे दगावली. तिथे विष पाण्यातून गेले नव्हते, श्वासातून आणि कातडीतून गेले होते. फवारलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलीही औषधे होती. रुग्णाच्या रक्तातील कोलिनइस्टरेज तपासण्याची सोय जवळपास असली पाहिजे, ही चर्चा त्या वेळी वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. या तपासणीत डॉक्टर काय पाहतात? शरीरातले हे विकर किती शिल्लक आहे आणि किती बंद पडले आहे, ते. पाण्याच्या जैवसंवेदकात आपण हेच पाहतो. फरक एवढाच की तिथे बंद पडणारे विकर माणसाच्या अंगात नसते, एका पट्टीवर असते.

मधुमेहाच्या पट्टीपासून

अशी पट्टी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. घरी रक्तातली साखर मोजण्याचे ग्लुकोमीटर हा जगातला सर्वांत जास्त खपलेला जैवसंवेदक आहे. त्याचे मूळ लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जाते. हृदयावरील शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन सतत मोजता यावा, यासाठी त्यांनी एक विद्युत अग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, तयार केले होते. त्याचे वर्णन १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी एक पुढचा विचार मांडला. याच अग्रावर पातळ पडद्याआड ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर कोंडून ठेवायचे. ग्लुकोज आले की विकर त्याच्यावर क्रिया करते आणि तसे करताना ऑक्सिजन खर्च होतो. ऑक्सिजन किती घटला ते अग्राला कळते, आणि त्यावरून साखर किती होती ते आपल्याला कळते.

युक्ती साधी पण फार मोलाची होती. विकराला आपले रसायन शेकडो रसायनांच्या गर्दीतूनही ओळखता येते, पण त्याला बोलता येत नाही. विद्युत अग्राला बोलता येते, पण ओळखता येत नाही. दोघांना शेजारी बसवले की एकाची ओळख दुसऱ्याच्या तोंडून आकड्याच्या रूपात बाहेर पडते.

मग हीच पट्टी पाण्यातल्या कीटकनाशकाला का लावू नये? अडचण प्रमाणाची आहे. उपाशीपोटी रक्तात साधारणपणे दर लिटरला एक ग्रॅमच्या आसपास साखर असते. पाण्यातले जे कीटकनाशक शोधायचे ते लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे साखरेच्या दहा लाख पटींनी कमी. इतक्या थोड्या रेणूंवर थेट क्रिया करून मोजण्याजोगी विद्युतधारा मिळवणे कठीण. म्हणून शास्त्रज्ञांनी उलट वाट धरली. विषावर विकर काय करते हे न मोजता, विकरावर विष काय करते ते त्यांनी मोजले.

बंद पडलेल्या खिडक्या

एस.टी. स्टँडवर तिकिटांच्या शंभर खिडक्या आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक खिडकीवर कारकून भराभर तिकिटे फाडतो आहे आणि गल्ल्यात पैसे पडत आहेत. आपल्याला खिडक्या दिसत नाहीत, फक्त दर मिनिटाला किती पैसे जमा होतात ते कळते. काही माणसे आली आणि त्यांनी चाळीस खिडक्या अडवून धरल्या. ही माणसे थोडीच आहेत, आपण त्यांना पाहिलेलेही नाही. पण जमा एकदम शंभरावरून साठावर आली, त्यावरून चाळीस खिडक्या बंद पडल्याचे आपण ओळखले. कीटकनाशकाचा एक रेणू विकराचा एक रेणू अडवतो, आणि त्यामुळे सेकंदाला हजारो क्रिया थांबतात. थोड्या विषाचा असा मोठा परिणाम होतो, म्हणून ते पकडता येते.

प्रत्यक्षात ही पट्टी अशी असते. प्लास्टिकच्या लहानशा तुकड्यावर कार्बनची शाई वापरून विद्युत अग्रे छापलेली असतात. लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, त्याच पद्धतीने. त्यांतल्या एका अग्रावर असेटिलकोलिनइस्टरेजचा पातळ थर बसवलेला असतो. हे विकर पुष्कळदा विजेचा झटका देणाऱ्या ईल माशापासून मिळवतात, कारण त्याच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवांत त्याचा मोठा साठा असतो. फळमाशीचे विकर वापरले तर पट्टी आणखी संवेदनशील करता येते. जे विष किड्यांसाठी बनवले, ते किड्याच्या विकराला अधिक लवकर कळावे यात नवल नाही.

तपासणीत आधी पट्टीवर स्वच्छ पाणी आणि असेटिलथायोकोलिन नावाचे रसायन घालतात. विकर त्याचे तुकडे करते. त्यांतला थायोकोलिन हा तुकडा विद्युत अग्रावर इलेक्ट्रॉन देतो आणि धारा वाहते. तो झाला पहिला आकडा. मग पट्टी तपासायच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवायची, धुवायची आणि पुन्हा तेच रसायन घालून दुसरा आकडा घ्यायचा. दुसरा आकडा पहिल्याच्या किती टक्के, एवढाच हिशेब. पट्टी जास्त वेळ बुडवली तर जास्त विकर अडकते, म्हणून घड्याळ काटेकोरपणे पाळावे लागते. जोडीला लागणारे यंत्र हातात मावेल एवढे असते आणि बॅटरीवर चालते. अर्ध्या तासात, विहिरीच्या काठावरच उत्तर मिळते.

यात आणखी एक सोय आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा झालेल्या रुग्णाला अॅट्रोपिनच्या जोडीने प्रॅलिडॉक्झाइम हे औषध देतात. विकरावर बसलेले विष सोडवणे हे त्याचे काम. हेच औषध पट्टीवर घातले तर बंद पडलेले विकर पुष्कळसे पुन्हा चालू होते. त्यामुळे पट्टी परत वापरता येते, आणि विकर ऑर्गॅनोफॉस्फेटनेच अडवले होते असा एक पुरावाही मिळतो.

पट्टी फसते कुठे?

इतके सोपे असेल तर ही पट्टी प्रत्येक गावात का नाही, असे आपण विचाराल. त्याची कारणे सांगितली पाहिजेत, कारण पट्टी चुकली तर चुकीचा दिलासा मिळतो, आणि पाण्याच्या बाबतीत चुकीचा दिलासा फार महाग पडतो.

पहिली अडचण. क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन, मिथाइल पॅराथिऑन ही औषधे बाटलीत ज्या रूपात असतात, त्या रूपात ती या विकराला फारशी अडवत नाहीत. शरीरात गेल्यावर यकृत त्यांच्या रेणूतला गंधकाचा एक अणू काढून तिथे ऑक्सिजनचा अणू बसवते, आणि मग त्यांचे खरे विषारी रूप तयार होते. पट्टीला यकृत नसते. त्यामुळे पाण्यात क्लोरपायरिफॉस असूनही ती 'काही नाही' असे सांगू शकते. यावर उपाय म्हणून नमुन्यावर आधी ब्रोमिनसारख्या रसायनाने तीच क्रिया घडवून आणावी लागते, म्हणजे यकृताचे काम बाटलीत उरकून घ्यावे लागते. क्लोरिनमुळेही असे रूपांतर होऊ शकते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेले पाणी आणि न टाकलेले पाणी यांची तपासणी करताना म्हणूनच सावध राहावे लागते. पण हे ऐकून कुणी ब्लीचिंग पावडर टाकणे थांबवू नये. पाण्यातल्या जंतूंचा धोका फार मोठा आहे आणि तो रोजचा आहे.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. तांबे, पारा अशा धातूंचे क्षारही या विकराला मंद करतात. पाणी फार आम्लधर्मी असले तरी ते मंदावते. अशा वेळी कीटकनाशक नसतानाही आकडा खाली येतो. धातूंना बांधून ठेवणारे रसायन नमुन्यात मिसळून, आणि प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्याची पट्टी जोडीला ठेवून ही चूक पुष्कळ कमी करता येते.

तिसरी अडचण स्वभावाची आहे. विकर हे प्रथिन आहे. दूध उन्हाळ्यात बाहेर राहिले तर जसे नासते, तसे विकरही उष्णतेने निकामी होते. विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पट्ट्या पावसाळ्यापर्यंत टिकतील का? ग्लुकोमीटरमधले ग्लुकोज ऑक्सिडेज चांगले काटक आहे. असेटिलकोलिनइस्टरेज त्या मानाने नाजूक. त्याला जेलमध्ये बसवून, विशिष्ट शर्करांच्या आवरणात सुकवून टिकाऊ करण्याचे पुष्कळ प्रयोग झाले आहेत.

आणि एक अडचण बाजाराची आहे. मधुमेही माणूस रोज स्वतःसाठी पट्टी विकत घेतो, म्हणून कारखाने कोट्यवधी पट्ट्या काढतात आणि किंमत उतरते. गावच्या विहिरीसाठी रोज पट्टी विकत घेणारा गिऱ्हाईक कोण?

दुसरी विकरे, दुसरे पहारेकरी

हे एकच विकर कामाचे आहे असे नाही. वांगी चिरली की आपण ती पाण्यात टाकतो, नाहीतर ती काळी पडतात. हे काळे पडणे ज्या विकरामुळे होते, त्याच्याच घराण्यातले टायरोसिनेज हे विकर अळिंबीत, म्हणजे मशरूममध्ये सापडते. ते फिनॉल गटातील रसायनांवर काम करते. तेलशुद्धीकरण, कोळशापासून कोक बनवणे, रेझिन आणि रंग यांचे कारखाने यांच्या सांडपाण्यात फिनॉल असू शकते. पाण्यात क्लोरिन घातले की फिनॉलपासून औषधी वासाची, घाणेरड्या चवीची संयुगे बनतात; पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला अवघी ०.००१ मिलिग्रॅम आहे. टायरोसिनेज फिनॉलचे क्विनोन बनवते, विद्युत अग्र त्याला इलेक्ट्रॉन देऊन मागे आणते, विकर पुन्हा त्याचे क्विनोन करते. तोच रेणू असा फेऱ्या मारत राहतो आणि थोड्या फिनॉलची धारा मोठी होते. इथे आकडा कमी होण्याऐवजी वाढतो, त्यामुळे हिशेब सरळ असतो.

कीटकनाशकांसाठीही असा सरळ हिशेब करणारे एक विकर आहे, आणि त्याच्या शोधात एका भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा आहे. फिलिपिन्समध्ये भाताच्या शेतात डायझिनॉन हे औषध वापरले जात असे. त्या शेतातल्या पाण्यात हे औषध खाऊन टाकणारा एक जिवाणू एन. सेतुनाथन आणि टी. योशिदा यांना सापडला. १९७३ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. सेतुनाथन पुढे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत काम करत होते. हा जिवाणू पॅराथिऑनचेही तुकडे करतो. ते करणाऱ्या विकराला ऑर्गॅनोफॉस्फरस हायड्रोलेज म्हणतात. त्यातून पॅरानायट्रोफिनॉल हे पिवळसर रसायन बाहेर पडते आणि ते रंगावरून किंवा विद्युत अग्रावर मोजता येते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी असे जिवाणू आधारावर बसवून मिथाइल पॅराथिऑन ओळखणारे संवेदक तयार केले आहेत. हे विकर विषाला बळी पडत नाही, त्याला पचवते. पण पातळी फार कमी असेल तर बळी पडणारे विकरच अधिक तीक्ष्ण ठरते.

नाव की परिणाम?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रयोगशाळा विषाचे नाव सांगते आणि पट्टी त्याचा परिणाम सांगते. कायदा नावाने चालतो : मोनोक्रोटोफॉस १, मिथाइल पॅराथिऑन ०.३, क्लोरपायरिफॉस ३०, मॅलॅथिऑन १९० मायक्रोग्रॅम. पट्टीला ही यादी ठाऊक नाही. विकर किती अडले एवढेच ती सांगते. त्यामुळे तिच्या आकड्यावर कुणाला दंड करता येणार नाही, आणि करूही नये.

पण परिणाम सांगण्यात एक शहाणपण आहे. समजा एका विहिरीत चार औषधांचे अंश आहेत, आणि प्रत्येक आपापल्या मर्यादेच्या आत आहे. कागदावर पाणी पास. शरीरातल्या विकराला मात्र चार वेगवेगळे कागद दिसत नाहीत. ते चौघांचा मारा एकत्रच सोसते. पट्टीही तो एकत्रच सोसते आणि तसा आकडा देते. शिवाय यादीत नाव नसलेले, बाजारात नुकतेच आलेले औषध जर या विकराला अडवत असेल, तर तेही तिला कळते. प्रयोगशाळेतले यंत्र बहुधा ज्याचा शोध घ्यायला सांगावे तेच शोधते.

वेळेचे मोल काय असते, ते युरोपने १९८६ मध्ये पाहिले. १ नोव्हेंबरच्या पहाटे स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवण्यासाठी मारलेले पाणी रसायने घेऊन ऱ्हाइन नदीत गेले. त्यात डायसल्फोटॉन आणि थायोमेटॉन ही ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके होती. नदीत ईल मासे लाखाच्या वर मेले आणि खालच्या देशांतल्या शहरांना नदीतून पाणी उचलणे थांबवावे लागले. त्या वेळी पाण्यात एक लाल रंगही मिसळला होता, म्हणून संकट डोळ्यांना दिसले. रंग नसता तर? त्यानंतर ऱ्हाइनच्या काठी नदीवर सतत लक्ष ठेवण्याची व्यवस्था वाढली. पाण्यात पिसवांसारखे सूक्ष्म जलचर ठेवून त्यांच्या हालचालींवरून धोका ओळखण्याची यंत्रेही बसली. आणि १९९५ मध्ये जर्मनीने पाण्यातल्या कीटकनाशकांसाठी कोलिनइस्टरेज अडण्यावर आधारलेल्या तपासणीचे राष्ट्रीय मानकच ठरवले. ती तपासणी रंगावर आधारलेली आहे, विद्युत पट्टीवर नाही. पण परीक्षक तेच विकर आहे. म्हणजे परिणाम मोजणे ही पोरखेळाची गोष्ट नाही, तिला मानकात जागा मिळू शकते.

आपल्याकडे या पट्टीला जागा आहे का? माझ्या मते आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, तो पाण्याचे नमुने घेतो. पाणीस्रोतांच्या पाहणीवरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे शिक्षण देण्यात आले आहे. या संचांत सहसा आम्लता, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेला क्लोरिन आणि जिवाणू यांच्या तपासण्या असतात. कीटकनाशक त्यांत बसत नाही, कारण त्याला स्वस्त आणि सोपी तपासणीच नव्हती. फवारणीच्या हंगामात, कापूस, द्राक्ष, भाजीपाला यांच्या पट्ट्यातल्या विहिरींवर अशी विकरपट्टी लावली, तर शंभर नमुन्यांतले संशयास्पद चार-पाच निवडून प्रयोगशाळेला पाठवता येतील. महागड्या यंत्राचा वेळ नेमक्या नमुन्यांवर खर्च होईल.

मात्र आकडा खाली आला तर करायचे काय, हे आधी ठरलेले हवे. दुसऱ्या पट्टीने पुन्हा तपासायचे. जोडीला स्वच्छ पाण्याची पट्टी लावायची. दोन्हींत तेच आले तर त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी तात्पुरते थांबवायचे आणि नमुना त्याच दिवशी रवाना करायचा. इशारा खोटा ठरला, तर गावातल्या बायांना चार दिवस लांबून पाणी आणावे लागेल. हा त्रास लहान नाही, आणि तो कुणाच्या डोक्यावर पडतो हे आपल्याला माहीत आहे. पण खरा इशारा दुर्लक्षित राहिला तर त्याची किंमत त्याहून मोठी. उलट, दर आठवड्याला 'लांडगा आला रे आला' झाले तर लोक पट्टीकडे पाहणेच सोडतील. म्हणून पट्टी देण्याआधी ती गावच्या पाण्यात, गावच्या उन्हात, गावच्या माणसांच्या हातून किती वेळा खरे बोलते, ते मोजून दाखवणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे.

शेवटी एक इशारा. पट्टीने 'काही नाही' म्हटले तर पाणी शुद्ध आहे असा अर्थ होत नाही. या विकराला फ्लोराइड कळत नाही, डी.डी.टी. आणि एंडोसल्फानसारखी क्लोरिनयुक्त कीटकनाशके कळत नाहीत, अतिसाराचे जंतू तर नाहीतच. तिला एका प्रश्नाचे उत्तर येते : या पाण्यात मज्जासंस्थेतल्या या विकराला अडवणारे काही आहे का? एवढा एक प्रश्न विहिरीच्या काठावर, त्याच सकाळी विचारता येणे, ही आजवर आपल्या हाती नसलेली गोष्ट आहे. बाकीच्या प्रश्नांसाठी बाकीच्या तपासण्या चालूच राहिल्या पाहिजेत. आणि शेतातले औषध मोजून, गरजेपुरते, विहीर-ओढ्यापासून लांब फवारले, रिकामे डबे पाण्यात धुतले नाहीत, तर पट्टीला सांगण्यासारखे कमीच उरेल. तेच सर्वांत चांगले.